पत्रकातले पांढरे रण आणि त्रिपुरी पौर्णिमेचा चिखल

त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही तिघे, म्हणजे मी, माझे यजमान आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, बडोद्यातल्या एका सहल संयोजकामार्फत कच्छच्या पांढऱ्या रणाला जाऊन आलो. भुज स्थानकावरून न्यायचे आणि तिसऱ्या दिवशी तेथेच आणून सोडायचे, दोन रात्री तंबूत मुक्काम, सर्व जेवणे, काळा डुंगर आणि धोलावीरा हे हडप्पाकालीन शहर, असे मिळून माणशी १४,५०० रुपये ठरले होते आणि पौर्णिमेची रात्र म्हणून त्यावर माणशी आणखी १,५०० रुपये घेतले होते. रेल्वेचे भाडे वेगळे होते. परत आल्यापासून दांडिया बाजारातल्या शेजारणी आणि भजनी मंडळातल्या मैत्रिणी एकच विचारत आहेत, की आम्हीही जावे का. प्रत्येकीला तोंडी सांगताना काही ना काही राहून जाते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. कच्छला जरूर जावे. मात्र आम्ही ज्या रीतीने आणि ज्या दिवसांत गेलो तसे जाण्यासाठी पैसे भरण्यापूर्वी पुढचे सगळे वाचावे.

बडोद्याहून जाणे अगदी सोयीचे आहे. रात्री सयाजीनगरी एक्सप्रेसमध्ये बसले की सकाळी भुज येते; बरोबर दशम्या, लसणाची चटणी आणि डब्यात दहीभात असला की वाटेत काही विकत घ्यावे लागत नाही. सूरजबारीच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा अजून रात्रच होती, पण चतुर्दशीच्या चांदण्यात दोन्ही बाजूंच्या मिठागरांतले पाणी चमकत होते, आणि सासूबाईंना मुद्दाम उठवून मी ते दाखवले. क्षेत्रफळाने देशातला सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा ४५,००० चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेला आहे. सहल ठरवताना हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण नकाशावर बोटभर दिसणारे अंतर येथे अर्धा दिवस खाते, आणि कार्यक्रमपत्रिकेत एका दिवसात तीन ठिकाणे लिहिली असतील तर त्यांतले एक तरी गळणार हे समजून चालावे.

मराठी कानाला वाळवंट म्हटले की पंढरपूर आठवते, चंद्रभागेकाठची ओली वाळू आठवते. निघण्याआधी सासूबाईंनी विचारलेही होते की वाळूत चालायला कोणत्या वहाणा घ्याव्यात. कच्छच्या मोठ्या रणात वाळूच्या टेकड्या नाहीत. मराठीत रण म्हणजे युद्धभूमी, गुजरातीत रण म्हणजे ओसाड मुलूख, आणि हा मुलूख ओसाड झाला आहे तो खाऱ्या पाण्यामुळे. जमीन समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम उंच असल्यामुळे पावसाळ्यात नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर कोरी खाडीतून समुद्राचे पाणी आत शिरते. राजस्थानातून येणारी लुणी नदी येथेच जिरते. कच्छच्या स्वतःच्या कित्येक नद्याही उत्तरेकडे वाहत जाऊन याच सपाटीत पसरतात, आणि हजारो चौरस किलोमीटरांवर उथळ पाणी साचून राहते. पाऊस सरला की ऊन आणि वारा ते पाणी हळूहळू आटवतात आणि जमिनीवर मिठाचा थर उरतो. म्हणजे आपण जे पांढरे रण पाहायला जातो ते त्या वर्षीच्या पाण्याचे उरलेले मीठ असते. पाऊस भरपूर झाला किंवा उशिरापर्यंत रेंगाळला, तर नोव्हेंबरात तेथे मीठ थोडे आणि चिखल फार असतो. डिसेंबरच्या मध्यानंतर थर टणक होऊ लागतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्याची खरी शुभ्रता दिसते. विश्वामित्रीचा पूर ओसरल्यावरही भिंती किती आठवडे ओल्या राहतात हे अनुभवलेल्या बडोदेकराला ही गोष्ट समजावून सांगायला दोन वाक्ये पुरली असती.

संयोजकाने ती दोन वाक्ये उच्चारली नाहीत. त्याच्या पत्रकावर क्षितिजापर्यंत दुधासारखे रण आणि त्यावर पूर्ण चंद्र असे छायाचित्र होते. पैसे भरण्यापूर्वी मी स्वतः फोनवर स्पष्ट विचारले होते, "आत्ता रण वाळलेले असेल ना?" आणि मला उत्तर मिळाले होते, "बेन, एकदम व्हाइट, फोटोसारखेच." तो दर वर्षी अनेक गट नेतो, तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हते असे मी मानू शकत नाही. माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. चिखलाला मी दोष देत नाही, तो ऋतूप्रमाणे असणारच. विचारल्यावर खोटे सांगितले गेले, याला दोष देते.

भुजहून पांढऱ्या रणाच्या काठावरच्या धोरडो गावापर्यंतचा रस्ता साधारण ८० किलोमीटरांचा आणि उत्तम आहे. वाटेत कर्कवृत्ताची पाटी लागते. बस तेथे थांबली नाही याचे यजमानांना फार वाईट वाटले, कारण तेहतीस वर्षे भूगोल शिकवलेल्या माणसाला त्या रेषेवर क्षणभर उभे राहायचे होते. पुढे बन्नीचे रान सुरू होते. सुमारे २,५०० चौरस किलोमीटरांचा हा गवताळ प्रदेश म्हणून प्रसिद्ध असला तरी रस्त्यावरून गवतापेक्षा वेडी बाभूळच जास्त दिसते. तिला येथे गांडो बावळ म्हणतात. रणाचा खारेपणा पुढे सरकू नये म्हणून १९६०च्या दशकात वनखात्याने ही परदेशी बाभूळ लावली आणि तिने गवताचीच जागा बळकावली. तरीही मालधारी लोकांनी आपली गुरे सोडलेली नाहीत. बन्नीची म्हैस रात्रभर रानात चरते आणि पहाटे दूध काढण्याच्या वेळेला आपल्या पायांनी घरी येते. २०१० साली तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. या म्हशींच्या दुधाचा खवा भिरंडियारा येथे मिळतो, जेथे रणात जाण्याची परवानगीही तपासली जाते. कढईतून थेट वाटीत घातलेला तो रवाळ, किंचित तांबूस, गरम खवा सासूबाईंनी तोंडात घातला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "अगं, याचे पेढे करायचे म्हणजे याला बिघडवायचे." सबंध सहलीत विकत घेऊन खाल्लेल्या पदार्थांत मी यालाच पहिला क्रमांक देईन.

पत्रकात "धोरडो येथे मुक्काम" असे छापले होते. प्रत्यक्षात आमची छावणी धोरडोपासून बरीच अलीकडे एका खासगी आवारात होती. तंबू स्वच्छ होते, चादरी धुतलेल्या होत्या, सकाळी गरम पाणी वेळेवर मिळाले, हे सगळे मान्य करायलाच हवे. पण दुपारी बारा वाजता तंबूत बसवत नव्हते; कापडाखाली उष्मा कोंडत होता आणि पंखा तीच गरम हवा फिरवत होता. खाट जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच होती. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे मी उंच खाट आणि जवळचे स्वच्छतागृह या दोन गोष्टी आधी लेखी मागितल्या होत्या, आणि दोन्ही देऊ असे लेखी उत्तरही आले होते. छावणीच्या व्यवस्थापकापर्यंत तो निरोपच पोहोचला नव्हता. स्वच्छतागृहाला दोन उंच पायऱ्या होत्या आणि धरायला दांडी नव्हती, त्यामुळे दोन्ही रात्री मी किंवा यजमान, कोणी तरी आळीपाळीने जागे राहिलो. वयस्कर माणसाला घेऊन जाणाऱ्यांनी संयोजकाच्या शब्दावर न राहता मुक्कामाच्या जागी थेट फोन करावा आणि खाटेची उंची इंचांत विचारावी.

जेवणाचे पहिल्या दिवशीचे ताट पाहून माझी निराशा झाली. कच्छला येऊन पनीर, मंचुरियन आणि पास्ता खायचा असेल तर अलकापुरीत सगळे मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन विचारले, तेव्हा आचाऱ्याने मोकळेपणाने सांगितले की संयोजकाकडून आलेल्या यादीत तेच लिहिले आहे, पण त्याला विचाराल तर बाजरीचा रोटला करून घालायला त्याला आनंदच वाटेल. त्या दुपारी त्याने हातावर थापलेले रोटले, वर लोण्याचा गोळा, गूळ, लसणाची लाल चटणी, खिचडी आणि कढी असे जेवण केले. आमच्या गटातल्या एकवीस माणसांपैकी पनीरच्या भांड्याकडे त्या दिवशी कोणीही गेले नाही.

छावणीतल्या कामगारांबद्दल एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाणे मला बरे वाटणार नाही. त्रिपुरी पौर्णिमेला सासूबाई दर वर्षी त्रिपुरवात लावतात. ती त्यांनी घरून तुपात भिजवून डबीत आणली होती, पण तंबूत आग नको हे त्यांनाही कळत होते आणि बाहेर वारा होता. बन्नीतलाच असलेला एक तरुण कामगार हे पाहत होता. त्याने काही न विचारता तीन विटा आणल्या, त्यांचा आडोसा केला, वाऱ्याच्या बाजूने एक परात उभी धरली आणि वात पूर्ण जळेपर्यंत, म्हणजे वीसेक मिनिटे, ती धरून उकिडवा बसून राहिला. वात विझल्यावर त्याने विचारले, "बा, आता विटा उचलू का?" सासूबाईंनी त्याच्या हातावर बर्फीचा तुकडा ठेवला. रात्री अकरापर्यंत चालणाऱ्या ध्वनिवर्धकाबद्दल मी छावणीला कमी गुण देते, पण त्या मुलासाठी तेवढेच परत देते.

आता रणाबद्दल. पौर्णिमेच्या दिवशी सूर्य मावळतो त्याच सुमाराला समोरून चंद्र उगवतो. दोन्ही एकाच वेळी पाहता यावेत म्हणून तर या रात्रीचे जादा पैसे घेतले जातात. आम्हाला बसने वाहनतळावर साडेपाचला सोडले. तेथून पुढे उंटगाडी. उंटगाडीला पायरी नव्हती. गाडीवाल्याने आपल्या बसण्याचे लाकडी खोके खाली ठेवून सासूबाईंना वर घेतले. जेथपर्यंत माणसे जातात तेथपर्यंतचा मिठाचा थर हजारो पावलांनी तुडवून चहाच्या साईसारखा तपकिरी झालेला होता, त्यापुढे ओला चिखल होता आणि त्यापुढे, जेथे छायाचित्रात मीठ होते, तेथे उभे पाणी होते. गटातल्या कित्येकांनी पांढरे कपडे मुद्दाम आणले होते, त्यांचे चेहरे उतरले. मुले मात्र चिखलात खूश होती.

मी गर्दीपासून थोडी बाजूला जाऊन, रस्त्याच्या कडेला जेथे कोणाचा पाय पडला नव्हता अशा हातभर जागेपाशी बसले. थर तेथे पापडाइतका पातळ होता. त्याला भेगा पडून वेडेवाकडे पंचकोन-षटकोन झाले होते आणि प्रत्येकाच्या कडा भाजलेल्या पापडासारख्याच वर वळलेल्या होत्या. बोट टेकवले तेव्हा बारीक आवाज करून थर तुटला आणि खाली काळपट, लोण्यासारखी मऊ माती लागली. त्या मातीत साखरेच्या दाण्याएवढे चौकोनी स्फटिक होते, इतके रेखीव की कोणी कातून ठेवले असावेत. एक कण जिभेवर ठेवला, तो आधी खारट लागला आणि मग बराच वेळ कडवट, कारण समुद्राच्या पाण्यात नुसते खाण्याचे मीठ नसते, मॅग्नेशियमचे क्षारही असतात. एवढे पाहिल्यावर मला पांढऱ्या रणाची उणीव वाटेनाशी झाली. रण तयार होण्याच्या मधल्या अवस्थेत आम्ही तेथे होतो, आणि कोणी तरी तसे सांगून दाखवले असते तर गटातल्या प्रत्येकाला ते पाहण्यासारखे वाटले असते. आमच्या मार्गदर्शकाने मात्र "या वर्षी पाऊस झाला, काय करणार" एवढेच सांगितले आणि छायाचित्रांसाठी रांग लावली.

सूर्य गेला, पूर्वेकडे पाण्याच्या रेषेवर चंद्राची कड दिसू लागली, तांबूस, फुगीर, आणि त्याच क्षणी मार्गदर्शकाची शिट्टी वाजली. सव्वासातला छावणीत सांस्कृतिक कार्यक्रम होता, त्यासाठी बस सुटायची होती. चंद्र पुरता वर यायला अजून काही मिनिटे होती. मी विनंती केली, यजमानांनी केली, सुरतेच्या एका कुटुंबाने जरा चढ्या आवाजात केली. उत्तर एकच, की बस सगळ्यांची एकदम निघेल. ज्या चंद्रासाठी माणशी १,५०० रुपये भरले होते तो आम्ही धावत्या बसच्या खिडकीतून पाहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेच पुन्हा झाले. दोन दिवसांत रणावर आमचा एकूण वेळ दोन तासांहून कमी होता, आणि त्यातलाही बराचसा ध्वनिवर्धकाच्या आवाजात गेला.

काळा डुंगर हा कच्छमधला सर्वांत उंच भाग असून त्याची उंची सुमारे ४६० मीटर आहे. तेथे दत्ताचे देऊळ आहे. गरुडेश्वर, नारेश्वर आणि गिरनार ही दत्तस्थाने ज्यांना घरच्यासारखी आहेत अशा बडोद्याच्या मराठी माणसाला पाकिस्तानच्या सीमेकडे तोंड करून उभ्या असलेल्या या डोंगरावरही दत्त भेटावा, याचा सासूबाईंना झालेला आनंद मी विसरणार नाही. येथे आरतीनंतर गूळभाताचा प्रसाद कोल्ह्यांसाठी ठेवतात. भुकेल्या कोल्ह्यांना दत्ताने आपलेच अंग खायला देऊ केले अशी कथा सांगतात, आणि अजूनही कोल्ह्यांना हाक मारताना त्याच अर्थाचे शब्द उच्चारतात. आम्हाला कोल्हे दिसले नाहीत, कारण आम्ही आरतीच्या वेळी तेथे नव्हतोच; चाळीस मिनिटे दिली होती, त्यांतली पंधरा वाहनतळात गेली. वरून मात्र जे दिसले ते पाहून यजमान गप्प उभे राहिले. अर्धे पाणी, अर्धे मीठ, आणि दोन्हींमधली सीमा कोठे आहे ते सांगता येऊ नये असे क्षितिज. खाली सहज बोलताना एका स्थानिक चालकाने वायव्येकडे हात करून अल्लाबंदबद्दल सांगितले. १८१९च्या भूकंपात तेथे जमिनीची लांबलचक पट्टी वर उचलली गेली, सिंधूच्या जुन्या फाट्याचे पाणी अडले आणि त्या पाण्यावर पिकणारा लखपतचा भाग उजाड झाला. ही माहिती सहलीच्या मार्गदर्शकाकडून मिळायला हवी होती. ती त्याच्याऐवजी चहाच्या टपरीवर मिळाली, आणि तो चालक आमच्या पुढच्या दोन दिवसांचा आधार झाला.

कारण त्याच दिवशी दुपारी आम्हाला सांगण्यात आले की वेळ नसल्यामुळे धोलावीरा रद्द केले आहे. वेळ नव्हता, पण त्याच दुपारी बस दीड तास एका हस्तकला विक्री केंद्रात उभी होती. तेथल्या शालींवर हातमागाची म्हणून चिठ्ठी होती. माझ्या माहेरी विणकाम होत असल्यामुळे काठ पाहताच त्या यंत्रावरच्या आहेत हे कळत होते. मार्गदर्शक दुकानदाराशी ज्या घरोब्याने बोलत होता तो पाहून धोलावीरा का रद्द झाले असावे याबद्दल माझे मत बनले, आणि ते मी संयोजकालाही लेखी कळवले आहे.

आम्ही परतीचे तिकीट रद्द केले, एका दिवसानंतरचे तत्काळ काढले आणि त्या चालकाची गाडी दोन दिवसांसाठी ९,००० रुपयांत ठरवली. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालो. खावड्याकडून धोलावीराला जाणारा नवा रस्ता काही अंतर सरळ रणातून जातो. पूर्वी भुजहून रापरमार्गे दोनशे किलोमीटरांहून मोठा वळसा पडत असे, तो आता वाचतो. सूर्य उगवला तेव्हा आम्ही त्या रस्त्याच्या मधोमध होतो. चालकाने न सांगता गाडी बंद केली आणि काचा खाली केल्या. दोन्ही बाजूंना पाणी, पाण्याच्या काठाला मिठाची पांढरी किनार, लांबवर अग्निपंख पक्ष्यांची फिकट गुलाबी ओळ, आणि आवाज कसलाच नाही. सासूबाई गाडीत बसूनच पाहत होत्या, त्यांना उतरावे लागले नाही, चढावे लागले नाही. अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, "आता रण पाहिले असे म्हणते." या अर्ध्या तासाचे कोणी वेगळे पैसे घेतले नाहीत.

खदीर बेटावरचे धोलावीरा पाहायला निदान तीन तास हवेत. १९६०च्या दशकात जगत्पती जोशी यांनी हे स्थळ उजेडात आणले, १९९०पासून रवींद्रसिंह बिष्ट यांच्या देखरेखीखाली मोठे उत्खनन झाले आणि २०२१ साली त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. हडप्पा संस्कृतीचे लोक येथे सुमारे दीड हजार वर्षे राहिले, आणि ते कशाच्या बळावर राहिले हे तेथे पाऊल ठेवताच कळते. शहराच्या दोन अंगांना मानसर आणि मनहर हे फक्त पावसाळ्यात वाहणारे ओढे. त्यांना बांध घालून वळवलेले पाणी एकामागून एक टाक्यांत साठवलेले. पूर्वेकडची टाकी सुमारे ७३ मीटर लांब आणि २९ मीटर रुंद आहे, आणि तिच्या पायऱ्या उतरताना आपण विहिरीत नव्हे तर रिकाम्या तळ्यात उतरतो आहोत असे वाटते. सयाजीराव महाराजांनी आजव्याचे सरोवर बांधून बडोद्याला पाणी दिले हे आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकत आलो. या टाक्यांच्या तळाशी उभे राहिल्यावर पाण्याची तीच काळजी साडेचार हजार वर्षांपूर्वी, याहून कितीतरी कोरड्या जागी, दगडात उतरलेली दिसते. उत्तर दरवाजाजवळ दहा मोठ्या चिन्हांची पाटी सापडली होती, ती अजून वाचता आलेली नाही. ऊन कडक असते आणि सावली जवळजवळ नाही. सासूबाई तेथल्या संग्रहालयात बसल्या आणि तेथल्या रखवालदाराने त्यांना माठातले पाणी आणून दिले. बारमाही नदी नसलेल्या या मुलखात मागावे न लागता पाणी पुढे येते, हे आम्ही चारही दिवस पाहिले.

ती रात्र आम्ही होडको गावात एका भुंग्यात काढली. भुंगा म्हणजे मातीचे गोल घर, वर गवताचे निमुळते छप्पर, आत भिंतीवर मातीचे उठावदार लिंपण आणि त्यात बसवलेले आरसे. २००१च्या भूकंपात सिमेंटच्या इमारती कोसळल्या तेथे चांगले बांधलेले भुंगे उभे राहिले, कारण गोल भिंत धक्का सगळीकडे वाटून घेते आणि छप्पर हलके असते. दुपारच्या उन्हातही आत गारवा होता, त्यामुळे तंबूपेक्षा कमी पैशांत अधिक सुख मिळाले. जेवण घरचे होते, ध्वनिवर्धक नव्हता आणि चंद्र, पौर्णिमा उलटून दोन दिवस झाले असले तरी, अंगणातून हवा तेवढा वेळ पाहता आला.

चौथ्या दिवशी भुजमध्ये दोनच गोष्टी केल्या. अजरखपूरला ठशांची छपाई पाहिली. २००१नंतर धमडका गावाच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढून रंग बिघडू लागले, म्हणून तेथल्या काही खत्री कुटुंबांनी हे नवे गाव वसवले. हिरड्यात बुडवलेल्या कापडावर ठसा ठेवून कारागीर त्यावर मुठीची कड मारतो, आणि पुढचा ठसा मागच्याला इतका नेमका भिडतो की सांधा शोधूनही सापडत नाही. मी एक दुपट्टा ३,२०० रुपयांना घेतला. विक्री केंद्रातली शाल याहून महाग होती. मग भुजियो डुंगरावरचे स्मृतिवन. २६ जानेवारी २००१च्या सकाळी बडोद्यातले आमचे घरही हलले होते, आणि आम्ही सगळे अंगणात धावलो होतो. स्मृतिवनात भूकंपात गेलेल्यांची नावे पावसाचे पाणी अडवणाऱ्या छोट्या तळ्यांच्या भिंतींवर कोरलेली आहेत. यजमान आणि मी एका तळ्यापाशी उभे राहून ती वाचत गेलो. एकाच आडनावाची सात-आठ नावे सलग येत होती.

संयोजकाकडे मी करारपत्र, पत्रक आणि तारखांसह लेखी तक्रार केली. बँकेत तीस वर्षे काम केल्यामुळे कागद जपून ठेवण्याची सवय आहे. पहिले उत्तर उद्धट आले, दुसरे सौम्य, आणि तिसऱ्या पत्रानंतर पौर्णिमेचे जादा घेतलेले तिघांचे ४,५०० रुपये परत मिळाले. धोलावीराचे काहीही मिळालेले नाही. वाहन आणि स्वच्छता यांना मी चांगले म्हणेन. माहिती, नियोजन आणि दिलेला शब्द या तिन्हींत ही सेवा नापास आहे. ज्यांना गटानेच जायचे असेल त्यांनी रणावर प्रत्यक्ष किती वेळ मिळणार, परतीच्या बसची वेळ काय आणि एखादे ठिकाण रद्द झाले तर किती पैसे परत मिळणार, हे लिहून घेतल्याशिवाय रक्कम भरू नये. चौघेजण मिळत असतील तर भुजहून गाडी करून स्वतः जाणे अधिक स्वस्त पडते आणि बस कोणाची वाट पाहत नसते.

आम्ही पौष पौर्णिमेला पुन्हा जात आहोत. होडकोतला तोच भुंगा सांगून ठेवला आहे, गाडी त्याच चालकाची आहे, आणि काळ्या डुंगरावर या वेळी संध्याकाळच्या आरतीपर्यंत थांबायचे आहे. भुंग्यातली खाटही सासूबाईंना थोडी ठेंगणी वाटली होती, म्हणून काल मी तेथे फोन केला. गावातल्या सुताराकडून तिला नवे पाय लावून घेतले आहेत आणि आता ती १९ इंच उंच आहे, असे उत्तर आले.